जांभूळबियांचा अर्क आणि मधुमेह: परीक्षानळीतला आकडा हाती आला, आता पुढे कसे जावे?

मृण्मयी

सर्वांना नमस्कार. मी औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात दुसऱ्या वर्षाला असून जांभळाच्या बियांचा मधुमेहावर काय परिणाम होतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. आजवर काय केले ते आधी सविस्तर सांगते, म्हणजे चूक कुठे झाली ते दाखवणे तुम्हाला सोपे जाईल.

आमच्या रत्नागिरीच्या घरामागे विहिरीला लागून जांभळाचे जुने झाड आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात खाली पडलेली फळे गोळा करून गर काढला, बिया धुतल्या आणि पडवीत सावलीत पसरून ठेवल्या. पंधरा दिवसांनी त्या दळून चाळल्या, पेट्रोलियम ईथरने तेलकट भाग काढून टाकला आणि उरलेल्या पुडीचा ७० टक्के इथेनॉलमध्ये सॉक्सलेट या उपकरणावर अर्क काढला. रोटरी यंत्रावर द्रावक उडवल्यानंतर १०० ग्रॅम पुडीमागे १२ ग्रॅम गडद तपकिरी, चिकट अर्क मिळाला. आतड्यात शर्करा तोडून ग्लुकोज मोकळे करणारे एन्झाइम म्हणजे अल्फा-ग्लुकोसिडेज. यीस्टपासून मिळवलेल्या या एन्झाइमला माझा अर्क किती रोखतो ते तपासले, तेव्हा अकार्बोज या प्रचलित औषधापेक्षा माझा अर्क जवळजवळ पाचपट प्रभावी ठरला. तीनदा प्रयोग केला, तिन्ही वेळा आकडा तोच आला. त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही, हे येथे मोकळेपणाने लिहिते.

आता मार्गदर्शक सरांच्या सूचनेनुसार स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेही केलेल्या उंदरांवर २८ दिवसांचा प्रयोग करण्याचे ठरत आहे. पाच गट, प्रत्येक गटात सहा उंदीर, अर्काची मात्रा शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे २०० आणि ४०० मिलिग्रॅम, आणि तुलनेसाठी ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचे औषध. हा आराखडा पुरेसा आहे का? इथेनॉलऐवजी मिथेनॉल किंवा नुसते पाणी वापरायला हवे होते का?

आणखी एक प्रश्न आहे, तो विद्यार्थिनी म्हणून नव्हे, मुलगी म्हणून विचारते. माझे बाबा आठ वर्षांपासून मधुमेही आहेत. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडच्या गोळ्या चालू आहेत आणि शिवाय ते रोज सकाळी चमचाभर जांभूळबियांची पूड पाण्याबरोबर घेतात. माझा आकडा ऐकल्यापासून ते म्हणतात, “पूड कशाला, तुझा अर्कच दे.” त्यांना काय उत्तर द्यावे?

प्रयोगवही

मृण्मयी, तुम्ही कृती इतकी नीट लिहिली आहे की उत्तर देणाऱ्याचे निम्मे काम झाले आहे. मी गेली अनेक वर्षे वनौषधींच्या विश्लेषणाचे काम करतो. त्या अनुभवावरून आधी त्या पाचपटीविषयी बोलतो.

अकार्बोज हे सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या एन्झाइमला जोरकसपणे रोखते, पण यीस्टच्या एन्झाइमवर त्याचा प्रभाव फार क्षीण असतो. दोन्ही एन्झाइमांचे नाव एकच असले तरी त्यांची घडण वेगळी आहे. त्यामुळे यीस्टचे एन्झाइम वापरणाऱ्या असंख्य शोधनिबंधांत कुठल्या ना कुठल्या झाडाचा अर्क अकार्बोजपेक्षा सरस ठरलेला दिसतो. पाय बांधलेल्या धावपटूला मागे टाकण्यासारखे ते आहे. उंदराच्या आतड्याची ॲसिटोन पावडर विकत मिळते. तिच्यातून एन्झाइम काढा, माल्टोज आणि सुक्रोज या दोन्ही शर्करांवर तीच चाचणी पुन्हा करा आणि मग अकार्बोज कुठे उभे राहते ते पाहा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. जांभळाची बी कधी चावून पाहिली आहे का? तोंड आवळून येते आणि जीभ टाळूला चिकटल्यासारखी वाटते. बीमधले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडून गोळा करतात, म्हणून तसे होते. एन्झाइम हेही प्रथिनच आहे. जे तुमच्या तोंडात घडले तेच परीक्षानळीतही घडत असेल, तर अर्काने एन्झाइमच्या नेमक्या जागी बसून त्याला रोखले असे म्हणता येत नाही, त्याने समोर आलेले प्रथिन सरसकट साक्याप्रमाणे खाली बसवले इतकेच म्हणता येते. चहाच्या चोथ्याचा किंवा डाळिंबाच्या सालीचा अर्कही या चाचणीत असाच चमकतो. म्हणून अर्काचा एक भाग पॉलिव्हिनिलपॉलिपायरोलिडोनमधून फिरवून टॅनिन काढून टाका आणि उरलेल्या अर्कात किती जोर शिल्लक राहतो ते मोजा. दुसऱ्या भागात गायीच्या रक्तातील अल्ब्युमिन मिसळून चाचणी करा. अल्ब्युमिन घातल्यावर एन्झाइमची सुटका झाली, तर टॅनिन आधी अल्ब्युमिनला जाऊन चिकटले, हे उघड होईल.

या चाचणीत ४०५ नॅनोमीटरवर रंग मोजतात, आणि अर्काचा स्वतःचा तपकिरी रंगही तिथेच प्रकाश शोषतो. प्रत्येक तीव्रतेसाठी एन्झाइमविरहित ब्लँक, म्हणजे एन्झाइम न घातलेली तुलनेची नळी, घेतला होता का, ते वही काढून तपासा. पिष्ट तोडणाऱ्या अमायलेज या एन्झाइमची चाचणी डीएनएसए या साखर मोजण्याच्या पद्धतीने करणार असाल तर बियांना चिकटून राहिलेल्या गराची साखरही मोजली जाते, हेही लक्षात असू द्या.

आता बियांविषयी. जूनमध्ये रत्नागिरीत पडवीत पंधरा दिवस सुकवलेल्या बिया म्हटल्यावर मला पहिली काळजी बुरशीची वाटते. मृगाचा पाऊस सुरू झाला की कोकणात पापडसुद्धा सादळतात, मग जाड मगजाच्या बिया सावलीत आतपर्यंत कशा सुकतील? वरचे पातळ आवरण कोरडे लागते, पण बी फोडली की आत करडी छटा दिसते. उरलेल्या बियांतल्या वीसएक फोडून पाहा. तशी छटा दिसली तर तो साठा टाकून द्या, कारण बुरशीचे विष अर्कात उतरले तर उंदराच्या यकृतावरचा परिणाम जांभळाच्या नावावर जमा होईल. पुढच्या हंगामात फळ फोडल्याच्या दिवशीच बिया गरमुक्त करून ट्रे-ड्रायरमध्ये ४० ते ४५ अंशांवर सुकवा.

झाड घरचे असले तरी त्याची फुले-पाने असलेली डहाळी दाबून तिचा नमुना ओळखीसाठी द्यायला हवा. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच आहे. नमुन्याचा क्रमांक प्रबंधात आला की पुढचा संशोधक नेमके तेच झाड शोधू शकतो. जांभळात मोठ्या फळाचे आणि लहान बीचे, गरेदार आणि रानटी असे इतके प्रकार आहेत की पालघरच्या बहाडोलीची बी आणि तुमच्या विहिरीजवळची बी रसायनांच्या दृष्टीने सारखी असेल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून गॅलिक आम्ल आणि एलॅजिक आम्ल या बियांतल्या द्रव्यांचे प्रमाण एचपीटीएलसी या द्रव्ये वेगळी करून मोजण्याच्या तंत्राने मोजून ठेवा. उद्या दुसरा अर्क काढाल तेव्हा तो पहिल्यासारखाच आहे की नाही, हे सांगायला हा एवढाच आधार असेल.

निवृत्त मास्तर

मी औषधशास्त्र शिकवत होतो आणि निवृत्त होऊन आता बराच काळ लोटला आहे. ‘प्रयोगवही’ यांनी परीक्षानळीचे सांगितले, मी उंदरांचे सांगतो.

आधी एक हिशेब करू. उंदराची मात्रा माणसासाठी बदलताना शरीराच्या पृष्ठफळाचा विचार करून ६.२ ने भागण्याची रूढ पद्धत आहे. प्रति किलो ४०० मिलिग्रॅमचे माणसात साधारण ६५ मिलिग्रॅम होतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला जवळजवळ ३.९ ग्रॅम अर्क. तुमचा उतारा १२ टक्के आहे, तेव्हा तेवढ्या अर्कासाठी सुमारे ३२ ग्रॅम पूड लागेल. घरातल्या लहान चमच्याने दहा-अकरा चमचे, रोज, आयुष्यभर. हा हिशेब प्रबंधाच्या पहिल्या पानावर असावा असे मला वाटते, कारण पुष्कळ प्रयोग एवढ्याच मात्रेत यशस्वी होतात आणि वाचणारा ती मात्रा चमचाभर पुडीशी नकळत जोडतो.

स्ट्रेप्टोझोटोसिन हे स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारते. मात्रा जास्त झाली तर उंदीर पहिल्या प्रकारच्या मधुमेह्यासारखा, जवळजवळ इन्सुलिनविना उरतो. आपल्याकडचे बहुसंख्य रुग्ण दुसऱ्या प्रकारचे असतात, त्यांच्यात इन्सुलिन असते पण शरीर त्याला दाद देत नाही. शिवाय ग्लिबेनक्लामाइड हे जिवंत बीटा पेशींना हलवून इन्सुलिन सोडायला लावणारे औषध आहे. ज्या उंदरात त्या पेशीच उरल्या नाहीत त्यात ते काम करणार नाही, आणि केले तर तुमच्या उंदरांत पुरेशा पेशी शिल्लक होत्या, असा त्याचा अर्थ होतो. तेव्हा अर्काने साखर उतरली ती कोणत्या मार्गाने, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. चरबीयुक्त आहार काही आठवडे देऊन मग स्ट्रेप्टोझोटोसिनची लहान मात्रा देणे, किंवा त्याआधी निकोटिनामाइड देऊन काही पेशी वाचवणे, हे मार्ग तुमच्या प्रश्नाला अधिक जवळचे आहेत. मेटफॉर्मिनचाही एक गट ठेवा.

बारीकसारीक गोष्टींतच हा प्रयोग बिघडतो. स्ट्रेप्टोझोटोसिन थंड सायट्रेट बफरमध्ये, सामू ४.५ ठेवून, त्या त्या वेळी विरघळवायचे आणि लगेच टोचायचे. सकाळी विरघळवून दुपारपर्यंत वापरले तर शेवटच्या उंदरांना मेलेले औषध मिळते. टोचल्यानंतरच्या पहिल्या रात्री फुटलेल्या पेशींतून इन्सुलिन एकदम बाहेर पडते आणि साखर धोकादायक खाली जाते, म्हणून पिण्याच्या पाण्यात ग्लुकोज ठेवायचे. साखर ७२ तासांनी मोजायची. मधुमेह लागला आहे की नाही, हे त्याआधी पिंजराच सांगतो. सकाळी दार उघडले की खालचा भुसा ओला चिंब असतो आणि पाण्याची बाटली रिकामी.

शेपटीच्या टोकातून रक्त घेताना उंदीर घाबरला तर साखर वाढते, म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी आठवडाभर रोज हातात घेऊन त्यांना सवय लावा. अनेक ग्लुकोमीटर ६०० च्या वर आकडा न दाखवता नुसते ‘हाय’ दाखवतात. विद्यार्थी वहीत ६०० लिहितात आणि मग सरासरी खोटी होते. त्या रक्ताची वेगळी तपासणी करा. कोणत्या पिंजऱ्याला काय दिले आहे, हे साखर मोजणाऱ्याला ठाऊक नसावे. उंदरांची वाटणी चिठ्ठ्या टाकून व्हावी. एवढ्या दोन गोष्टी केल्या तरी प्रबंधाचे वजन वाढते.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. तरुणपणी आम्ही अलॉक्झान देऊन उंदरांना मधुमेही केले आणि एका बियांचा अर्क तीन आठवडे दिला. साखर सुरेख उतरली. लेखाचा मसुदा तयार झाला, आणि टंकलेखन करताना माझ्या लक्षात आले की मधुमेही पण विनाऔषध असा गट आम्ही फक्त पहिल्या आठवड्यापर्यंतच मोजला होता. शिल्लक राहिलेल्या चार उंदरांची साखर मोजली, तर त्यांचीही पुष्कळ उतरलेली होती. अलॉक्झानने मधुमेही केलेले काही उंदीर आपोआप सावरतात, हे त्या दिवशी मी शिकलो. लेख फाडला. जनावरे वाया गेली याची खंत अजून आहे, कारण प्राणी नैतिकता समितीपुढे आम्ही ती ज्या ज्ञानासाठी मागितली होती ते आमच्या हाती आलेच नाही.

तुलनेचा हा प्रश्न माणसांवरच्या चाचण्यांतही तसाच उभा राहतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने विजयसाराच्या लाकडावर केलेली बहुकेंद्री चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांत ९७ पैकी ६७ रुग्णांची साखर आटोक्यात आली, म्हणजे ६९ टक्के. आकडा मोठा आहे आणि काम प्रामाणिक आहे, पण ती खुली चाचणी होती, समोर निष्क्रिय औषधाचा गट नव्हता. चाचणीत नाव घातल्यावर माणूस आहार सांभाळू लागतो, गोळ्या वेळेवर घेतो, चालायला जातो. त्यातला विजयसाराचा वाटा किती, हे त्या रचनेतून वेगळे काढता येत नाही.

वनस्पतीतून मधुमेहाचे औषध निघतच नाही, असा माझ्या लिहिण्याचा अर्थ कृपया काढू नका. तुमचे वडील घेतात ते मेटफॉर्मिन कुठून आले, ते पाहा. युरोपात गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाची एक शेंगवर्गीय वनस्पती आहे. तिच्या बियांत आणि पाल्यात गॅलेजिन नावाचे ग्वानिडीन कुळातले द्रव्य असते. १९१८ मध्ये ग्वानिडीनमुळे प्राण्यांची साखर उतरते हे दिसले, १९२० च्या दशकात गॅलेजिन माणसांनाही देऊन पाहिले गेले, पण ते विषारी म्हणून मागे पडले. मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले होते, तरी मधुमेहासाठी ते रुग्णांना देऊन त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचे काम पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये केले. त्याच कुळातले फेनफॉर्मिन रक्तात लॅक्टिक आम्ल साचवते म्हणून १९७७ मध्ये अमेरिकेत बंद झाले, आणि मेटफॉर्मिनला तिथे मान्यता मिळायला १९९४ साल उजाडले. वनस्पतीने दिशा दाखवली, पण बाटलीत जे आले ते वनस्पतीतले द्रव्य नव्हते. सुरक्षिततेचा प्रश्न प्रत्येक पायरीवर नव्याने विचारावा लागला.

द्रव्यगुण

मी आयुर्वेदातील द्रव्यगुण, म्हणजे औषधी द्रव्यांचे गुणधर्म, या विषयाचा अभ्यासक आहे. वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत होऊन द्रावकाच्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते तोच या धाग्याचा गाभा आहे.

आमच्या परंपरेत जांभूळबीज चूर्णरूपाने दिले जाते. आयुर्वेदीय औषधकोशात त्याची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आहे. तुम्ही त्या चूर्णातला तेलकट भाग काढला, ७० टक्के इथेनॉलमध्ये विरघळले तेवढे घेतले आणि ८८ ग्रॅम चोथा टाकून दिला. जे हातात उरले ते परंपरेचे औषध राहिले नाही, ते नवीन औषध झाले. नवे औषध म्हणून त्याचा अभ्यास अवश्य करा, परंतु प्रस्तावनेत संहितांचे वचन आणि निष्कर्षात इथेनॉलचा अर्क अशी सांगड घालू नका. उलट, चोथ्यासह संपूर्ण चूर्णाचा एक गट उंदरांत ठेवलात तर तुमचा प्रबंध इतर अनेक प्रबंधांपेक्षा वेगळा ठरेल.

चोथ्यात काय जाते, याचे उत्तम उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. रात्री वाटीत भिजवलेली मेथी सकाळी बोटांना बुळबुळीत लागते. तो बुळबुळीतपणा गॅलॅक्टोमॅनन या विद्राव्य तंतूचा. तो पोटातले अन्न दाट करतो आणि साखर रक्तात उतरण्याचा वेग मंदावतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्या प्रकारच्या मधुमेह्यांना तेल काढलेली मेथीपूड दिवसाला १०० ग्रॅम, दोन जेवणांत विभागून, दहा दिवस दिली होती. उपाशीपोटीची साखर उतरली आणि लघवीतून जाणारी साखर निम्म्याहून अधिक घटली. आता त्याच मेथीच्या अर्काची कथा पाहा. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नव्याने निदान झालेल्या २५ रुग्णांपैकी काहींना बियांचा जल-मद्यार्कीय अर्क दिवसाला १ ग्रॅम, दोन महिने दिला. इन्सुलिनला मिळणारी दाद सुधारल्याची चिन्हे दिसली, परंतु उपाशीपोटीच्या आणि ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांच्या साखरेत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. बी एकच, पण १०० ग्रॅम तंतुमय पूड आणि १ ग्रॅम अर्क ही दोन निराळी औषधे आहेत. मेथीने मधुमेह उतरतो असे एका वाक्यात लिहिणारा माणूस यातल्या कोणत्या मेथीविषयी बोलतो आहे?

वनस्पतीचा भाग बदलला तरी हेच होते. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहावर घरोघरी घेतला जातो. तिथल्या संशोधकांनी तो चहा आणि ग्लिबेनक्लामाइड यांची तुलना कोणाला काय दिले हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही कळू न देता केली. २००४ मध्ये निष्कर्ष आला, तो असा की गोळीने साखर उतरली, चहाने उतरली नाही. त्यावरून बियांविषयी काहीच ठरत नाही. पण जांभूळ उपयोगी आहे, किंवा जांभूळ निरुपयोगी आहे, अशी विधाने भागाचा उल्लेख न करता करू नयेत, हे मात्र ठरते.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. संहितांत प्रमेहाचे, म्हणजे लघवीच्या विकारांचे, वीस प्रकार सांगितले आहेत आणि आजचा मधुमेह त्यांच्याशी तंतोतंत जुळत नाही. त्या चिकित्सेत बियांच्या बरोबरीने जवाचे अन्न आणि भरपूर चालणे यांवर भर आहे. सुश्रुतांनी तर प्रमेह्याला शंभर योजने पायी चालायला सांगितले आहे. त्या सगळ्यातून एक बी तेवढी उचलून बाटलीत भरली जाते आणि तिला प्राचीन उपचार म्हटले जाते, याचे मला वाईट वाटते.

मृण्मयी

तिन्ही प्रतिसाद वहीत उतरवून घेतले. बिया फोडून पाहिल्या. वीसपैकी सहांत आतून करडी-काळसर छटा आहे. साठा बाजूला ठेवला आहे. ब्लँक मी फक्त एका तीव्रतेसाठी घेतला होता, सगळ्यांसाठी नव्हे. टॅनिनची चाचणी या आठवड्यात करते. वडिलांविषयी कोणी सांगू शकेल का? ते रोज विचारतात.

तालुक्याचा डॉक्टर

मृण्मयीताई, मी गेली बावीस वर्षे एका तालुक्याच्या गावी रुग्ण पाहतो. तुमच्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: अर्क देऊ नका. त्यात द्रावक किती उरले आहे ते मोजलेले नाही, बुरशीचा संशय आता तुम्हीच नोंदवला आहे, आणि यकृतावर व मूत्रपिंडावर त्याचा काय परिणाम होतो हे अजून एका उंदरातही पाहिलेले नाही.

माझी खरी काळजी मात्र वेगळी आहे. तुमचे वडील ग्लिमेपिराइड घेतात. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, इन्सुलिन सोडायला लावते. तुमचा अर्क निरुपयोगी ठरला तर साखरेपुरते काही बिघडणार नाही, पण तो खरोखर गुणकारी निघाला, तर गोळी आणि अर्क मिळून साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे आहेत. घरात सगळ्यांना ती ठाऊक असावीत आणि साखरेचा डबा हाताशी असावा.

असाच एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. काही वर्षांपूर्वी एका शेतकरी बाईंना पहाटे बेशुद्धावस्थेत आणले होते. पदर घामाने भिजला होता, साखर ३१. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्या शुद्धीवर आल्या, पण दोन तासांनी साखर पुन्हा घसरली, आणि असे दिवसभर चालले. घरच्यांनी सांगितले, गोळ्या महिन्यापूर्वीच बंद केल्या, आता फक्त आठवडी बाजारातून आणलेले बियांचे चूर्ण चालू आहे. निव्वळ बियांनी असे वारंवार घडेल हे मला पटेना, म्हणून चूर्णाची पुडी तपासणीला पाठवली. तिच्यात ग्लिबेनक्लामाइड सापडले. त्या बाईंना बियांचा गुण येत आहे असे वाटत होते, प्रत्यक्षात त्या मात्रा ठाऊक नसलेली गोळीच खात होत्या. विकणारा पुन्हा त्या बाजारात दिसला नाही.

तेव्हा वडिलांची पूड घरच्या झाडाची आणि घरी दळलेली असेल, तर या एका धोक्यातून ते सुटले आहेत. पूड घेतात हे त्यांच्या डॉक्टरांना मात्र सांगितलेच पाहिजे. माझ्या अनुभवात दहातले आठ रुग्ण हे लपवतात, कारण डॉक्टर रागावतील अशी भीती असते, आणि तो दोष आम्हा डॉक्टरांचा आहे. गोळ्या बंद करू नयेत. गुण मोजायचा असेल तर आज सकाळची साखर आणि उद्याची साखर यांवर जाऊ नका, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी करा. लाल पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते, म्हणून ही तपासणी तीन महिन्यांच्या आत फारसे काही सांगत नाही. रक्त कमी असेल तर आकडा फसवतो, म्हणून हिमोग्लोबिनही पाहून घ्या.

एक कायदेशीर बाजूही लक्षात घ्या. वडिलांना देऊन पाहणे ही चाचणी होत नाही. माणसांवरच्या औषधचाचणीला नैतिकता समितीची परवानगी लागते आणि २००९ पासून चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदणीत आधी करावी लागते. बियांच्या अर्काला आधुनिक औषध म्हणून पुढे न्यायचे तर २०१५ च्या अधिसूचनेतली फायटोफार्मास्युटिकलची व्याख्या वाचा. त्यात शुद्ध व प्रमाणित केलेला अंश आणि त्यातली किमान चार द्रव्ये ओळखलेली, मोजलेली असणे अपेक्षित आहे. ‘प्रयोगवही’ यांनी सांगितलेली गॅलिक आणि एलॅजिक आम्ले ही त्यातली पहिली दोन समजा. आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, ही गोष्ट आपल्याकडच्या भिंतींवर रंगवलेल्या मजकुराकडे पाहून कोणाला खरी वाटणार नाही, पण ती खरी आहे.

आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आला. त्यातल्या कित्येकांच्या घरी बियांचा एखादा डबा असेलच. म्हणून तुमचा हा लहानसा प्रबंध मला महत्त्वाचा वाटतो. बियांनी काही होत नाही असा निष्कर्ष निघाला तरी तो प्रसिद्ध करा. माझ्या रुग्णांना दाखवायला मला तोही हवा आहे.

मृण्मयी

तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे.

नव्या बियांसाठी पुढच्या हंगामापर्यंत थांबणे शक्य नव्हते. महाविद्यालयाच्या साठ्यात गेल्या वर्षी ट्रे-ड्रायरमध्ये सुकवलेल्या बिया होत्या, त्यांचा अर्क काढला. झाड तेच नाही, याची नोंद केली आहे. उतारा या वेळी ९ टक्के आला. सर्व तीव्रतांचे ब्लँक घेतले. यीस्टच्या एन्झाइमवर हा अर्कही अकार्बोजच्या पुढेच आहे. टॅनिन काढून टाकल्यावर त्याच एन्झाइमवरचा त्याचा जोर साधारण एक दशांशावर आला, आणि अल्ब्युमिन मिसळलेल्या नळीतही तसेच घडले. उंदराच्या आतड्यातल्या एन्झाइमवर तर अकार्बोज माझ्या मूळ अर्कापेक्षाही कितीतरी पटींनी सरस आहे. सुक्रोजवर मात्र टॅनिनविरहित अर्काचा थोडा, पण दर वेळी दिसणारा परिणाम उरतो. तो चारदा मोजला आहे.

हे आकडे सरांपुढे ठेवताना हात थरथरत होते. त्यांनी ते दोनदा वाचले आणि उंदरांचा अर्ज मागे घेऊन नव्याने लिहायला सांगितले: संपूर्ण चूर्ण, मूळ अर्क, टॅनिनविरहित अर्क, मेटफॉर्मिन, आणि मधुमेही पण विनाऔषध गट शेवटच्या दिवसापर्यंत मोजायचा. निरोगी उंदरांचा गट धरून सहा गट होतात, उंदीर ३६ लागतील. ती संख्या का हवी, याचा हिशेब मी समितीसाठी मांडत आहे.

बाबांना सगळे समजावून सांगितले. त्यांनी काल डॉक्टरांना पुडीविषयी सांगितले, डॉक्टर रागावले नाहीत. एचबीए१सी ७.९ आले आणि हिमोग्लोबिन १३.६ आहे. पूड चालू ठेवायची की तीन महिने थांबवून पुन्हा तपासायचे, हे ते दोघे मिळून पुढच्या भेटीत ठरवणार आहेत. विहिरीजवळच्या झाडाला फुले येतील तेव्हा डहाळी दाबून पुण्याला पाठवायची आहे, त्यासाठी टीपकागद आणून ठेवले आहेत.